लहान मुलांसाठी असुरक्षित

धाकटीचे सासरे कातारी. लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्यातून मान, पोट, कंबर काढायची, हे त्यांचं जन्माचं काम. फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी टेबलांचे पाय कातले. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत एक जुना लेथ बसवला आणि म्हणाले, "पाय पुष्कळ झाले. आता कुणाच्या तरी हातात जाईल असं काही करतो."

त्यातून खुळखुळा निघाला. बाळाच्या मुठीत बसेल एवढा दांडा आणि त्यावर तीन सैल कड्या, सगळं एकाच लाकडातून कातलेलं. जोड नाही, खिळा नाही, गोंदाचा थेंब नाही. रंग मुळं आणि साली उकळून काढलेला, मेणात कालवलेला, लेथ फिरत असतानाच चिंधीनं चोळून लाकडात जिरवलेला. "बाळ खेळणं हातात धरत नाही, तोंडात धरतं," ते सांगत. "तेव्हा हा स्वयंपाकच समजायचा." हा रंग त्यांच्या मनासारखा साधायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत सासूबाईंची तीन पातेली कामाला आली, ती काही परत चुलीवर चढली नाहीत.

थोरली जाऊ परगावी गेली त्याला सहा वर्षं झाली, तरी धाकटी घरात धाकटीच राहिली. खुळखुळा ऑनलाइन बाजारात तिनंच नेला. लेक तीन महिन्यांची असताना तिच्या मुठीत खुळखुळा देऊन खिडकीपाशी फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि पान सुरू केलं. सव्वा वर्षात चारशेच्या वर खुळखुळे गेले. कुणी पसंतीचे दोन शब्द लिहिले की ती मागच्या खोलीत जाऊन मोठ्यानं वाचून दाखवायची. कातारी लेथ थांबवायचे नाहीत, फक्त वेग कमी करायचे.

मग एका सोमवारी ऑर्डरी आटल्या. मंगळवारी एकही नाही, बुधवारी नाही. तिनं पान उघडून पाहिलं. फोटो तोच, लेकीची मूठ तीच, चार ओळी तिच्याच. पण विकणारा भलताच, आणि किंमत तिच्या निम्मी.

त्या बाजाराची रीतच तशी होती. एका वस्तूचं एक पान. 'माझ्याकडेही हीच वस्तू आहे' असं म्हणणारा कुणीही त्या पानावर येऊन बसू शकतो, आणि ज्याची किंमत कमी त्याचा माल आधी जातो. नाव कातारींनी कमवायचं आणि डबा दुसऱ्यानं पाठवायचा.

"म्हणजे आपल्या ओट्यावर बसून आपल्याच गिऱ्हाइकाला हाका मारतोय," नवरा म्हणाला. तो बसडेपोत कामाला होता. उपमा अंगणापलीकडे जात नसत, पण नेमक्या बसत.

"आणि ओटा आपला आहे, हे आपणच सिद्ध करायचं!"

तिनं त्या दुकानातून एक खुळखुळा मागवला. आला तो चिकटवलेल्या कड्यांचा, वर चकचकीत गुलाबी रंग. लेकीनं पिशवीतून उचलून कधी तोंडात घातला ते कळलंही नाही. दोन मिनिटांत लाळेरं गुलाबी. धाकटीनं झडप घातली. खुळखुळा काढून घेतला, लेकीचं तोंड धुतलं, लाळेऱ्याचा फोटो काढला, आणि त्या दुपारी, लेक झोपल्यावर, मदतकेंद्राला पहिला निरोप लिहिला.

उत्तर लगेच आलं. 'तुमची झालेली गैरसोय आम्ही समजू शकतो.' पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा मदतनीस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. तिसरा म्हणाला, खुळखुळा तुमचा असल्याचा दाखला पाठवा. तिनं लेथचा फोटो पाठवला, सासऱ्यांचा पाठवला, कातकाम चालू असतानाचा व्हिडिओ पाठवला. 'ही फाइल या प्रकारात चालत नाही.' चौथ्यानं तिला 'सर' म्हटलं. पाचव्यानं तक्रार मिटल्याचं कळवून सेवेबद्दल तारे मागितले.

"दे एक तारा," नवरा म्हणाला. "फुटका."

मधल्या काळात पानावर लोक लिहू लागले होते. कडी निघाली. रंग जातो. फसवणूक. सगळं कातारींच्या खुळखुळ्याखाली. आता ती मागच्या खोलीत वाचून दाखवायला जात नव्हती. त्यांनी एकदा विचारलं, "हल्ली कुणी काही लिहीत नाही वाटतं?" ती म्हणाली, "सध्या मंदी आहे, बाबा."

आठवा मदतनीस भला वाटला. त्यानं लिहिलं, 'नकलेच्या तक्रारीला नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं आणि महिना-दीड महिना जातो. पण मॅडम, यादीत "लहान मुलांसाठी असुरक्षित" असं एक कारण आहे. ते निवडलंत तर त्याच दिवशी कारवाई होते.'

तिनं यादी उघडली. कारण होतं. त्याखाली फोटोला जागा होती, चार ओळींना जागा होती. कोणत्या दुकानाचा माल, हे लिहायला मात्र रकाना नव्हता. ते तिच्या लक्षात आलं. बोट थांबलं. हे तिला नंतर कुणापाशी नाकारता येणार नव्हतं, की बोट थांबलं होतं. पण तेवढ्यात लेक उठली, रडत तिच्या मांडीवर चढू लागली, आणि तिला वाटलं, फोटो पाहतील की, माणसंच आहेत, त्यांना कळेल. तिनं लिहिलं, 'रंग सुटतो. बाळाच्या पोटात जातो.' आणि बटण दाबलं.

कारवाई खरोखरच त्याच दिवशी झाली. संध्याकाळपर्यंत पान बंद. धाकटीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिलाही एक पत्र आलं. सव्वा वर्षात त्या पानावरून ज्यांनी ज्यांनी खुळखुळा घेतला, त्या सगळ्यांना ते गेलं होतं. मागे तिनं स्वतःच एक मागवला होता, म्हणून तिलाही. 'आपण घेतलेली वस्तू लहान मुलांसाठी असुरक्षित आढळली आहे. ती बाळापासून ताबडतोब दूर करावी व नष्ट करावी.'

सगळ्यांना. कातारींच्या चारशेंनाही.

तिनं मदतकेंद्राला लिहिलं, फोन केला, हात जोडले. 'सुरक्षेच्या कारणानं बंद केलेलं पान पुन्हा उघडता येत नाही. तक्रारीत दुकान वेगळं नमूद नव्हतं.'

मग निरोप येऊ लागले. एकानं नुसत्या शिव्या लिहिल्या. तो परवडला. एका आईनं लिहिलं, 'माझा मुलगा आठ महिने तुमचा खुळखुळा चोखत होता. त्याच्याशिवाय झोपत नाही. काल कचऱ्यात टाकला. त्याच्या पोटात काय काय गेलं असेल? डॉक्टरांना काय सांगू? तुम्हीपण आई असाल तर खरं सांगा.'

ऑर्डर नऊ महिन्यांपूर्वीची होती. नकली माल आल्याला जेमतेम महिना. त्या मुलाच्या पोटात मुळं, साली आणि मेण, याखेरीज काही गेलं नव्हतं. धाकटीनं भराभर लिहिलं, 'ताई, अजिबात घाबरू नका, तुमचा खुळखुळा माझ्या सासऱ्यांच्या हातचा.' पाठवलं. पडद्यावर उमटलं, 'ही वस्तू बंद असल्याने निरोप पोचवता येत नाही.' पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. त्या बाईचा फोन नंबर नाही, पत्ता बाजारानं झाकलेला. तिनं मदतकेंद्राला विनवलं, एवढं एकच वाक्य तिला कळवा. 'आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.'

आता मात्र मागच्या खोलीत जाणं भाग होतं. लेकीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. कातारींनी लेथ बंद केला.

"बाबा, तक्रार मीच केली."

तिनं सगळं सांगितलं. नकली माल, लाळेरं, आठ मदतनीस, यादी, थांबलेलं बोट, सगळ्यांना गेलेलं पत्र, त्या आईचा निरोप. पटाशी पुसत त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "लिहिलंस काय, ते वाच."

"रंग सुटतो. बाळाच्या पोटात जातो."

"असं लिहिलंस."

"तो त्यांचा, बाबा. गुलाबी. आपला नव्हे."

"तुला माहीत आहे." भुसा झटकत ते उठले. "त्या पोराच्या आईला कोण सांगणार?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फळीवरचे तीन खुळखुळे उचलले, एक उजेडात धरला आणि नखानं खरवडून पाहिला. मग स्वयंपाकघरातून पांढरं वाडगं आणि किटलीतलं गरम पाणी आणून खुळखुळे त्यात सोडले.

"बाबा, कशाला? मी सांगतेय ना, आपला सुटत नाही."

"बघू तर दे. इतक्या लोकांना पत्र गेलंय."

ते स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, वाडग्याकडे बघत. लेक खुळखुळ्यांसाठी वाकत होती; धाकटीनं तिला घट्ट धरून ठेवलं. पाणी निवळशंख होतं. दहा मिनिटं गेली, पाणी कोमट झालं, वाडग्याचा तळ दिसतच राहिला.

"काढू का आता?" तिनं विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून थोडं गरम पाणी आण."

ती किटली घेऊन आत गेली.