दुसरं कानातलं

हेमंतचे कान तिखट होते. कचेरीच्या पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मान वर न करता तो सांगायचा, साहेब आले की चहावाला. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात तो कारकून होता. अशा माणसाला ऐकण्याचा नाद लागला नसता तरच नवल. शहाण्णव साली त्याने पहिला हेडफोन आणला, मोठ्या गाद्यांचा, चांगल्यापैकी, तेव्हा अख्खी कचेरी हसली होती. लोक घरावर पत्रे घालतात, बायकोला शिलाई मशीन घेतात, आणि हा पठ्ठ्या कानांना झाकणं घेऊन आला!

ते दिवस कॅसेटचे होते. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची, डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, आणि दुसऱ्याला कॅसेट देताना पोटची पोर सासरी धाडल्यासारखं शंभरदा बजावायचं. हेमंतकडे पन्नासेक कॅसेट होत्या. पण एक तो कुणालाच देत नसे. तिच्यावर निळ्या पेनाने एवढंच लिहिलं होतं, ‘बाबा’.

बाबा म्हणजे पुंजा, वांगणीचा. भोपळ्याचा तो लांब तारपा वाजवावा तर त्यानेच. तारप्यात फुंक तुटू द्यायची नसते. गाल फुगलेले ठेवायचे आणि नाकाने श्वास घेत राहायचं. पुंजाची फुंक घटका घटका तुटत नसे. ब्याण्णव साली भात झोडून झाल्यावर हेमंतने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि खळ्यावर दिवसाढवळ्या बापाला वाजवायला बसवलं. सूर संपत आला आणि नेमका बैल सुटला. हेमंत यंत्र तसंच चालू ठेवून बैलामागे पळाला. परत आला तेव्हा कॅसेट संपून खटका पडला होता. पुढे दोन वर्षांत पुंजाच गेला. आई, म्हणजे कमू, लेकाकडे जव्हारला राहायला आली.

येताना ती जड कान घेऊन आली. स्पीकरवर बापाची कॅसेट लावली तर म्हणायची, “नुसता भुंगा वाजतो रं.” मग एका रविवारी हेमंतने तिच्या पदरावरूनच हेडफोन घातला आणि कॅसेट लावली. म्हातारी दचकली. मागे वळून बघितलं, दाराकडे बघितलं.

“हा कुठं बसलाय?” तिने विचारलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी भांडी घासून झाली की कमू येऊन बसायची आणि म्हणायची, “घाल ती टोपी.” हेडफोनला ती टोपीच म्हणायची. तिला बटणं कळत नसत, त्यामुळे कॅसेट आपली शेवटपर्यंत जायची. हेमंत कॅसेट लावून अंगणात काहीबाही करत राहायचा. आणि मध्येच कधीतरी त्याला दिसायचं, आई पदर तोंडाला लावून हसतेय. गालातल्या गालात नाही, खांदे हलेपर्यंत.

“आये, काय झालं?”

“काय नाय.”

हेमंतने स्वतः ती कॅसेट वीस वेळा ऐकली. हसण्यासारखं काही सापडेना. तारपा संपला की पुढे कोंबड्या आणि वारा, म्हणून सवयीने तो तिथेच बटण दाबून फीत मागे न्यायचा. डेकचा आकडा बघून जागा शोधावी तर तो आकडा कधीच अडकून बसलेला. हेडफोन एक आणि माणसं दोन. ती ऐकत असेल तेव्हा याला नुसतं लांबून तिच्या तोंडाकडे बघावं लागे. बापाला तो सूर न् सूर ओळखत होता, आणि तरी बापातलं काहीतरी आईलाच ऐकू येत होतं, याला नाही. हे त्याला फार लागलं होतं.

त्यातच नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान गेल्यात जमा आहे, डावा फार तर दीडदोन वर्षं. हेमंतने ठरवलं, आता दुसरा हेडफोन घ्यायचाच. एका भोकातून दोन वायरी काढणारी पिन मिळते, ती लावायची आणि आईशेजारी बसून ती हसते ती जागा पकडायची.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत त्याने रजा टाकली. निघायच्या आठ दिवस आधी तो आईच्या डाव्या कानाशी ओरडला. हेडफोन म्हटलं तर तिला कळणार नाही, दुसरी टोपी म्हटलं तर ती खरीच टोपी समजेल, म्हणून त्याने आपला सोपा शब्द काढला.

“आये, तुला दुसरं कानातलं आणतो! चांगल्यापैकी!”

कमू त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. हेमंतला वाटलं, एवढं कसलं कौतुक? पण आईचं कौतुक कुणाला नको असतं?

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानदाराने त्याच्यापुढे पाचसहा खोकी मांडली. “बास बघा साहेब, बास! छाती हलते.” हेमंतने पिशवीतून वॉकमन काढला, त्यात ‘बाबा’ घातली. पहिल्या हेडफोनमध्ये पुंजाच्या तारप्याचा लग्नातला बँड झाला. दुसऱ्यात तारपा डबीत कोंडल्यासारखा वाजला. तिसरा बरा होता, पण इतका आवळायचा की म्हातारीचं डोकं दुखलं असतं. चौथा घालताना त्याने मागे हात लावून बघितलं, अंबाडा मध्ये येईल का? दुकानदार चमकला, कारण हेमंतच्या डोक्यावर केसच बेताचे होते.

चौथा हलका होता. हेमंतने डोळे मिटले. तारप्याच्या त्या सलग आवाजाखाली, अगदी तळाशी, काहीतरी बारीक येत-जात होतं. पुंजा नाकाने श्वास घेत होता. घरच्या हेडफोनमध्ये हे कधीच ऐकू आलं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. बाप मेल्याला पाच वर्षं झाली होती आणि तो इथे, नाशिकच्या भर बाजारात, श्वास घेत होता. हेमंतला पुढे काही बघायचं राहिलं नाही.

“काय वाजतंय, साहेब? सनई?” दुकानदाराने विचारलं.

“माझे वडील,” हेमंत म्हणाला, आणि खोकं बांधायला सांगितलं.

तोरंगण घाटातून, मोखाड्यावरून येताना खोकं सगळी वाट त्याच्या मांडीवरच होतं. एसटी जव्हारला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. कमू दारातच बसली होती. न्हाऊन, तेल लावून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

“आनलास?”

“आणलं!”

तिने डोळे मिटले आणि लहान पोरीसारखा कान त्याच्यापुढे केला. हेमंत खूश. त्याने हेडफोन काढला आणि गादी हळूच कानावर टेकवली.

“आय गं!” म्हातारी कळवळली.

त्याने घाबरून केस बाजूला केले. कानाची पाळी लाल, सुजलेली. वर हळद-तेल चोपडलेलं. आणि भोकात कडुलिंबाची काडी.

“हे काय?”

आतून त्याची बायको पुष्पलता पीठभरल्या हातांनी बाहेर आली. “काय म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, कानातलं आणतो म्हणून? भोकं बुजत आली होती. आठ दिवस काड्या घालून बसल्यात, कुशीवर झोपतासुद्धा येत नाही त्यांना. मीच मोडून दिल्या काड्या.” मग तिची नजर हेडफोनवर गेली. “अगं बाई! तुम्ही हे म्हणत होता?”

हेमंतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे तिखट कान, आणि स्वतःच्या तोंडचा शब्द ऐकू आला नाही! कमूने हेडफोन हातात घेऊन उलटसुलट बघितला. क्षणभर तिचा चेहरा पडला, ते त्याला दिसलंच. मग ती हसली.

“आजून येक टोपी! बरा तर बरा. घाल. दोघा आयकू.”

तिने स्वतःच काड्या काढल्या. नवा हेडफोन हेमंतने तिच्या कानांवर बेताने ठेवला, जुना स्वतः घातला, दोन्ही वायरी जोडल्या. तारपा सुरू झाला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. अर्धा सूर गेला, पाऊण गेला, हसण्याचं नाव नाही. तारपा संपला. सवयीने त्याचा अंगठा बटणाकडे गेला, तोच कमूने मनगट धरलं.

“थांब. खरा पुढंच हाय.”

कोंबड्या. वारा. कुठेतरी लांब त्याचाच आवाज, बैलाला हाकारणारा. बराच वेळ काही नाही. मग बांगड्या वाजल्या आणि आईचा आवाज आला, ठणठणीत, तरणा.

“पानी घे.”

पाणी पिण्याचा घटघट आवाज. मग बाप बोलला. “कमू, कान कसा बोडका दिसतो तुजा.”

“आवणीच्या चिखलात पडला तो काय भातासंगं उगवंल?”

इथे शेजारी कमूचे खांदे हलायला लागले. पदर तोंडाला. तीच ती जागा. भात लावताना चिखलात एक कानातलं पडलं, दुसरं एकटंच घालणार कसं, तेव्हापासून आईचे कान मोकळे होते, आणि हेमंतने ते कधी नीट बघितलेही नव्हते.

“दुसरा घेतो तुला,” बाप म्हणत होता. “मोखाड्याच्या बोहाड्याच्या जत्रेला जाऊ तवा.”

“दरसाल तोच सांगतोस.”

“मना नाय जमला तर पोरगा घेल. त्याचे कान तिखट हायेत. त्याला आयकू आला आसंल.”

खटका पडला. कॅसेट संपली.

“मना वाटला, तू आयकलास,” कमू म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. हेमंत कारकून होता, चाळिशीला आला होता, तरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो हमसून हमसून रडला. पुष्पलता दारात उभी राहून डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या गालाला पीठ लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला घेऊन बाजारातल्या सोनाराकडे गेला. कमूने चार जोड कानाला लावून बघितले आणि सगळ्यात साधा घेतला, अगदी तसाच, जो चिखलात गेला होता. त्यानंतर तो तिने कधी उतरवला नाही. रविवारी हेडफोन घालताना हेमंत म्हणायचा, “आये, काढ गं, टोचेल.”

“टोचू दे. त्याचा बोलना बी टोचायचाच.”

दोन हजार एकच्या सुमारास तिचा डावा कानही गेला. तरी रविवार चुकला नाही. ती नवी टोपी घालून शेजारी बसायची आणि हेमंतच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. तारपा संपायचा, कोंबड्या, वारा, बांगड्या. भात उगवण्याचं वाक्य आलं की त्याला हसू यायचं. ते बघून मग ती पदर तोंडाला लावायची आणि खांदे हलेपर्यंत हसायची.