मास्तरांचं ग्रीक, धाकटीचं मराठी

मास्तरांना ग्रीक येत होतं आणि धाकटीला मराठी. तसं मराठी मास्तरांनाही यायचं, पण पेपर तपासण्यापुरतं. त्यांच्या धाकट्या बहिणीने उभा जन्म रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवला होता; वाक्य कुठे अडखळणार हे तिच्या जिभेला आधीच कळायचं.

पहिलं ग्रीक नाटक दोघांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून मराठीत आणलं. प्राचीन ग्रीकमध्ये 'मी' आणि 'तू' क्रियापदाच्या पोटातच असतात. ते वेगळे उच्चारले, की समजावं, बोलणारा हट्टाला पेटलाय. असा शब्द आला की मास्तर टेबलावर बोट आपटायचे आणि धाकटी भाजी चिरता चिरता वाक्य म्हणून बघायची.

"'मीच केलं'? छे. असं भांडताना पोरं म्हणतात. 'केलं ते मी.' लिही."

मास्तर निमूटपणे लिहायचे.

नाटक गाजलं. सत्काराच्या वेळी कुणीतरी विचारलं, इतकी बोलती भाषा तुम्हाला कशी जमली? मास्तर हुरळले. "मी लोकांचं बोलणं कान देऊन ऐकतो," ते म्हणाले. समोरच बसलेल्या धाकटीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी परतताना तिने चकार शब्द काढला नाही, आणि मास्तरांनीही सुंठीवाचून खोकला गेला असं समजून विषय काढला नाही.

मग दुसऱ्या नाटकाचं काम आलं. फोन केला की धाकटी म्हणायची, "या आठवड्यात नाही रे जमणार." असे आठवडे साचत गेले. मास्तरांनी एकट्यानेच गाडं रेटलं. शेवटच्या प्रवेशात राणी भर सभेत खुनाची कबुली देते, आणि तिथे तो वेगळा 'मी' ठाण मांडून बसलेला. मास्तरांनी वाक्य नाना तऱ्हांनी फिरवलं; दर वेळी राणी मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज देत असल्यासारखी बोलायची.

शेवटी कागद घेऊन ते तिच्या घरी गेले. तिने चहा टाकला. कागद उघडण्याआधी मास्तर म्हणाले, "त्या दिवशी तुझं नाव घ्यायला हवं होतं मी. चुकलंच माझं."

"जाऊ दे रे. जुनं झालं ते," ती म्हणाली. "वाच."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी प्रवेश वाचायला घेतला. वाचताना त्यांची त्यांनाच ठेच लागत होती. राणीच्या वाक्याशी ते थांबले.

"इथे जोर कुठे द्यावा?"

"तुला वाटतो तिथे दे की."

लहानपणापासून तिने त्यांची एक ओळ सुखाने जाऊ दिली नव्हती. निबंध असो, नोकरीचा अर्ज असो, "हे काय लिहिलंयस, दगड?" म्हणून ती कागद हिसकावून घ्यायची. आजही हिसकावेल म्हणून मास्तरांनी कागद हळूच तिच्यासमोर सरकवले.

धाकटीने ते उचलले, नीट कडा जुळवल्या आणि परत त्यांच्या हातात दिले.

"छान झालंय, दादा," ती म्हणाली. "चहात साखर बरोबर आहे ना?"