पाठ झालेली ओळ

हवालदार नाथाजींनी छाती पुढे काढली, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ कवायतीच्या आवाजात घडाघडा म्हणून टाकली. शाळेच्या व्हरांड्यात रांगेत बसलेल्या माजी सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. शिवांजलीनं कागदावर लिहिलं, नजर उत्तम. थेंबांची बाटली घेऊन उभ्या असलेल्या विजयमालाबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. नाथाजी त्यांचे यजमान. या माणसाला दिवाळीपासून उंबऱ्यावरची मांजर आणि पायपुसणं यातला फरक कळत नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

विजयमालाबाई साताऱ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं थेंब घालत होत्या. तिथं दरवर्षी तरुण संशोधक शिकायला येत. कुणी प्रकाशाचं शास्त्र शिकलेला, कुणी कॉम्प्युटरवाला, कुणी डोळ्यांचा डॉक्टर. सगळ्यांनी मिळून नजरेवर काम करायचं, एकमेकांची विद्या समजून घ्यायची. पण पहिला महिना प्रत्येकानं विजयमालाबाईंच्या हाताखाली काढायचा, असा मोठ्या डॉक्टरबाईंचा दंडक होता. ज्याला म्हाताऱ्याची पापणी नीट धरता येत नाही त्यानं डोळ्यांवर निबंध लिहू नयेत, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. विजयमालाबाईंना याचा भारी अभिमान होता, आणि का नसावा?

सध्याची तिघं गुणी होती. शिवांजली प्रकाशवाली, सांगलीचा अतिशय नावाचा मुलगा कॉम्प्युटरवाला आणि राजवर्धन डॉक्टर. दीड वर्ष खपून त्यांनी मोतीबिंदूचा धूसरपणा मोजणारा एक छोटा कॅमेरा केला होता. आज त्याची पहिली परीक्षा होती, तीही विजयमालाबाईंच्याच गावात. नाथाजींनी हौसेनं पार पाटणपर्यंत फोन करून स्वतःसकट पलटणीतले चाळीस जुने सैनिक गोळा केले होते.

दुपारी जेवणं झाली आणि तिघांचे चेहरे उतरले. कॅमेरा सांगत होता, चाळीसांतल्या एकतीस जणांना पिकलेला मोतीबिंदू आहे. आणि तेच एकतीस जण शेवटची ओळ बिनचूक वाचत होते. माझा प्रकाशच चुकला, असं शिवांजली म्हणत होती. अतिशय म्हणत होता, माझं गणित चुकलं. राजवर्धनला वाटत होतं, आपलाच हात हलला. ज्यानं त्यानं आपल्याच विद्येवर संशय घेतला, समोरच्या माणसांवर कुणीच नाही! कॅमेरा फसला, असं संध्याकाळी डॉक्टरबाईंना कळवायचं ठरलं. शिवांजलीचे डोळे भरून आले.

विजयमालाबाईंना सगळं ठाऊक होतं. पलटणीत दरवर्षी डोळे तपासत, तक्ता दरवेळी आजच्यासारखाच, आणि पुढचा वाचायला लागला की मागचा ऐकून पाठ करी. नाथाजी तर रजेवर आले की अंघोळ करताना ती ओळ म्हणत. नव्या नवरीलाही ती पाठ झाली होती. पण हे सांगायचं म्हणजे साऱ्या सोबत्यांदेखत नवऱ्याला उघडं पाडायचं. शिवाय त्यांचं स्कूटर चालवणं बंद व्हायचं. रोज सकाळी ते बाईंना स्कूटरवरून एसटीला सोडत, आणि गेले पाच महिने बाई मागं बसून हळूच सांगत, "म्हैस." "खड्डा." "उजवीकडं." दोघांनीही त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नव्हतं. पण आज गप्प बसलं, तर ही एकतीस माणसं नजर उत्तम असा कागद घेऊन घरी जाणार होती.

बाईंनी बाटली खाली ठेवली.

"पोरी, त्यास्नी वळ शेवटाकडनं वाचाय लाव," त्या शिवांजलीला म्हणाल्या. "आन् पयल्यांदा आमच्या ह्यास्नी बलीव."

नाथाजी पुन्हा उभे राहिले. ओठ हलले. मनातल्या मनात ओळ पहिल्यापासून म्हणून त्यांनी शेवटचं अक्षर सांगितलं. परत पहिल्यापासून म्हणून त्याच्या आधीचं. तिसऱ्याला अडकले. रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"विजे, तू सांगितलंस व्हय?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "तुमी पडलासा तर मी कुनाकडं बघू?"

नाथाजी ताठ होऊन रांगेकडे वळले. "गड्यांनो, ज्येनं आज वळ पाठ म्हटली त्येनं हात वर करा. पोरांची मेहनत हाय."

आधी एक हात वर झाला, मग चार, मग धडाधड. शिवांजलीनं दोनदा मोजले. नाथाजींचा धरून एकतीस. अतिशय मटकन बाकावर बसला आणि हसायला लागला. शिवांजलीनं विजयमालाबाईंच्या गळ्यात हातच टाकले. ऑपरेशनच्या यादीत नाथाजींनी आपलं नाव पहिलं घालायला लावलं.

संध्याकाळी नाथाजी स्कूटर ढकलत घरी निघाले. किल्ली बाईंच्या कमरेला होती. आज बाई पुढं चालत होत्या. बांधाजवळ आल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "म्हैस."

नाथाजी थांबले. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं.

"विजे," ते म्हणाले, "मला न्हाई दिसत."

विजयमालाबाई मागं वळल्या. त्यांनी हँडलचं एक टोक धरलं.

"न्हाईच हाय," त्या म्हणाल्या. "रस्ता मोकळा हाय. चला."