सात लॅपटॉप, एक आत्मा

मारुतीच्या देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पारावर एक लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार आणि त्यामागे प्रकाशनाथ महाराज. महाराजांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बरोब्बर बटण दाबलं. काळ्या पडद्यावर क्षणभर काहीच नाही. मग पडद्यात खुद्द महाराज उमटले! उजवा हात आशीर्वादाचा, डोक्यामागे लखलखीत तेजोवलय.

"आता यातली डिस्क काढा," महाराज गरजले. "संगणकाचं सगळं काही डिस्कमध्ये असतं, असं तुमचं सायन्स म्हणतं ना? काढा!"

रतिलाल नावाच्या शिष्यानं डिस्क काढून पूजेच्या ताटात ठेवली. पुन्हा बटण दाबलं. महाराज पुन्हा हजर.

"नाना, दखा ना!" शेजारचा निंबा माझा दंड गदागदा हलवत ओरडला. "डिस्क काढी टाकी, तरी बी बाबा दिसतस!"

मी जगदीश, पण गाव मला नाना म्हणतं. वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली आणि निवृत्त होऊन धुळ्याजवळच्या या आपल्या गावी परतलो. माल कितीही चकचकीत असो, तो उलटा करून बघायची मला खोड आहे. त्यामुळे गावात मला फारशी आमंत्रणं नसतात.

त्या लॅपटॉपांची हकिकत अशी. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीनं आमच्या शाळेला सात जुने लॅपटॉप दान दिले. फोटो काढले, भाषणं झाली, फक्त पासवर्ड द्यायचा राहून गेला. चालू केलं की पहिल्या क्षणालाच पडद्यावर कुलूप. शेवटी सातही कपाटात गेले. मग गावात महाराज आले. त्यांनी कपाटावर हात ठेवला आणि निदान केलं, "मागच्या मालकाचा जीव यात अडकलाय. यंत्रांना सव्वा दिवस उपास घडवा."

उपास म्हणजे बॅटरी काढायची, वायर काढायची, भगव्या शाली पांघरायच्या आणि सातही यंत्रं देवळाच्या खोलीत ठेवायची. आत एकटा रतिलाल, गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, हात घालून जप करत. सव्वा दिवसानं दार उघडलं तर कुलूप गायब आणि पडद्यावर महाराज. लॅपटॉप दहावीच्या सात मुलींना वाटले. महाराज एवढ्यावर थांबले असते, तर मीसुद्धा एक नारळ दिला असता.

पण ते थांबतील कसले! "मी सॉफ्टवेअर नाही, हार्डवेअर नाही, मी आत्मवेअर!" ते म्हणाले. "रोज सूर्योदयाला यंत्र चालू करा. मी सात सेकंद दर्शन देईन. त्या सात सेकंदांत रोग मुळापासून रीस्टार्ट होईल. मात्र औषध आणि दर्शन एका देहात नांदत नाही!"

रीस्टार्ट झालेली गोष्ट पुन्हा चालू होते, हे टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या सात मुलींतली एक पुनम. हुशार पोर. तिला लहानपणापासून फिट्स येतात. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे दोन वर्षं एकही आली नव्हती. तिची आई प्रमिलाबाई रोजंदारीवर जाते, पण गोळीची वेळ तिनं कधी चुकवली नाही. आता मात्र तिनं गोळ्यांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर टाकला आणि रोज पहाटे पुनमला लॅपटॉपसमोर हात जोडून बसवू लागली.

संगणक शिकवणाऱ्या हेमलताबाई तिच्या दारात जाऊन विनवण्या करून आल्या. मीही सोबत होतो.

"नऊ दिनपाइन मनी पोरले एक बी झटका उना नही," प्रमिलाबाई म्हणाली. "मंग गोया कसाले देवू?"

दहाव्या दिवशी पुनम वर्गातच कोसळली. बाकाची कड लागून कपाळाला तीन टाके पडले. महाराजांनी तत्काळ खुलासा पाठवला, "शुभ लक्षण! जुन्या गोळ्यांचं विष बाहेर पडतंय." मला इतका संताप आला की चहाचा कप हातातून सुटला. पडून टाके पडणं शुभ, तर अशुभ म्हणजे यांना नेमकं काय हवं होतं?

त्याच संध्याकाळी हेमलताबाई माझ्याकडे आल्या. "नाना, एक विचित्र प्रकार आहे. शाळेत सातही लॅपटॉप नेटला जोडले, की एक चालतो आणि दुसरा तुटतो. प्रत्येक यंत्राला नेटसाठी कारखान्यातून स्वतःचा वेगळा नंबर मिळतो, आपल्या आधार नंबरसारखा. या सातांचा नंबर एकच आहे!"

मी खुर्चीतून उठलोच. सात नगांवर एकच नंबर! फॅक्टरीत असा माल आला, की आम्ही आत्मा शोधत नसू. घाईत सगळ्यांवर एकच शिक्का कुणी मारला, ते शोधायचो.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्याच पारावर हेमलताबाईंनी ही नंबरची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. महाराज जराही डगमगले नाहीत. "सात देह, एक आत्मा!" गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

"असेल," बाई म्हणाल्या, "आत्मा कुठे बसतो, तेवढं दाखवते."

त्यांनी पुनमचा लॅपटॉप घेतला, बॅटरी काढली, स्क्रू एका बशीत ठेवले. आत एक चिप होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची. त्यांनी पिशवीतून एक लहानसा चिमटा काढून तिला लावला. चिमट्याच्या तारा तळहाताएवढ्या बोर्डाला आणि बोर्ड त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपला.

"बटण दाबलं, की सगळ्यात आधी या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. डिस्कची पाळी नंतर येते. कुलूप याच प्रोग्रॅमचं होतं. तो पुसून कुणीतरी दुसरा लिहिलाय. हा दुसरा नेटवर फुकट मिळतो. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा, असा उघडा. सुरुवातीला कुठलं चित्र दाखवायचं, तेही आपणच ठरवायचं. ज्यानं कुणी लिहिला, त्यानं सातही चिपांत एकच फाइल ओतली, तिच्यातला नेटचा नंबर बदलायला विसरला."

"मग उपास कशाला?" मी मुद्दाम विचारलं.

"आत वीज असताना लिहायला गेलं, तर चिप जळू शकते. सव्वा दिवस अशासाठी, की सात लॅपटॉप खोलून पुन्हा बसवायला एका माणसाला तेवढा वेळ लागतोच."

मी रतिलालकडे वळलो. "बाबा रे, ती गोमुखी जरा उलटी कर." तो मागे सरला, तेव्हा मीच केली. तीन रुद्राक्ष पडले आणि त्यांच्यामागोमाग तसाच चिमटा, तारांसकट.

दरम्यान बाईंनी त्या चिपमध्ये काहीतरी लिहिलं, चिमटा काढला, डिस्क काढून बाहेर ठेवली, झाकण आणि बॅटरी लावली आणि बटण दाबलं. काळा पडदा, आणि मग पडद्यावर निंबाची म्हैस! तीच शिंगं, तोच रवंथ, डोक्यामागे तेच तेजोवलय.

"चंद्री! मनी चंद्री!" निंबानं सवयीनं हात जोडले. सगळा पार हसण्यानं हादरला.

महाराज हसतमुखानं म्हणाले, "बाळांनो, म्हैस हेही माझंच रूप."

तेवढ्यात गर्दीतून प्रमिलाबाई पुढे आली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. "बाबा, तुमनं तोंड दखीसन मनी पोरनं दुखनं जास, तं हाई म्हैसनं तोंड दखीसन बी जाई का?"

प्रमिलाबाई उत्तरासाठी थांबली नाही. ती पळत घरी गेली, गोळ्यांचा डबा घेऊन आली आणि तिनं हेमलताबाईंबरोबर पुनमला घेऊन धुळ्याची गाडी पकडली. डॉक्टर भरपूर रागावले, आणि मग त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. महाराजांविरुद्धची तक्रार बाईंनी येतानाच पोलिसांत दिली.

मला राग महाराजांपेक्षा रतिलालचा आला. नंतर कळलं, त्याचं जळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. कुलूपबंद यंत्र त्यानं खरोखर जिवंत केलं होतं, आणि ते कसब आहे. 'बंद लॅपटॉप उघडून मिळतील' अशी पाटी लावून आला असता, तर मी स्वतः त्याला हार घातला असता. ज्यांनी तो उघडा प्रोग्रॅम मुळात तयार केला ते सांगतात, आत डोकवा, आमच्या चुका काढा. आणि यानं त्याच्यावरच शाल पांघरली! मंडळी, जो झाकण उघडू देत नाही, त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर मागा. आणि औषध बंद करायचं असेल तर ज्यानं सुरू केलं त्या डॉक्टरांना विचारा, पडद्यावरच्या तोंडाला नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सातही लॅपटॉपांना त्यांचे त्यांचे नंबर दिले. चित्र कुठलं हवं, ते मुलींनी ठरवलं. पुनमनं चित्र घेतलंच नाही. तिच्या काळ्या पडद्यावर सात सेकंद पांढरी अक्षरं दिसतात: 'पुनम, गोळी घेतली का?'

प्रमिलाबाई अजूनही पहाटे त्या लॅपटॉपसमोर उभी असते. पण आता ती हात जोडत नाही. तिच्या एका हातात पाण्याचा पेला असतो आणि दुसऱ्यात गोळी.