नववा मजला

वन्सं चार वाजता यायच्या होत्या. घड्याळात सव्वादोन झाले होते, आणि वहिनींच्या नव्या कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा सांगितलं की हा प्रोग्राम या मशीनवर चालू शकत नाही.

"का नाही चालू शकत? तीस वर्षांपूर्वी धावत होता की!" वहिनी पडद्यावर खेकसल्या.

"बंद करून चालू कर," पलंगावरून यजमान म्हणाले. हा त्यांचा रामबाण उपाय. रेडिओ, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांवर त्यांनी तो करून पाहिला होता. दोनदा लागू पडला, त्या पुण्याईवर चाळीस वर्षं निघाली.

"अहो, चारदा झालं बंद-चालू. आता तुम्हीच जरा बंद राहा."

भांडण जुनं होतं. यजमानांच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला, तेव्हा त्यात एकच खेळ होता. दीपगृहाचा रखवालदार तेलाचा डबा घेऊन मजले चढतो, वाटेत उंदीर चुकवतो, बस. वन्संचं लग्न व्हायचं होतं. वहिनी टायपिस्टच्या नोकरीवरून तीनला परतायच्या. हातपाय धुतले की नणंद-भावजय त्या पडद्याला चिकटायच्या ते दिवेलागणीपर्यंत. पोळ्या करपायच्या, सासूबाई करवादायच्या. काय दिवस होते!

एका दुपारी घरात कुणी नसताना वहिनी नवव्या मजल्यावर पोचल्या. दिवा लागला, सगळा पडदा पिवळाधमक झाला. पण एकदाच. पुन्हा कधी जमलं नाही. वन्सं म्हणाल्या, नववा मजलाच नाही. आठव्यावरून माणूस घसरतो तो थेट पहिल्यावर येतो, मी शंभरदा पाहिलंय.

तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वन्संच्या जिभेला हाड नाही. वहिनी म्हणाल्या, दूध उतू गेलं नाही, की वन्संचं ठरलेलं, "हो हो, नवव्या मजल्यावर नसेल गेलं!" होता होता घरात थापेलाच 'नववा मजला' म्हणायला लागले. मुलं म्हणू लागली, मग जावईसुद्धा. वहिनींच्या निवृत्तीच्या समारंभात वन्संनी ते माईकवरून सांगितलं. सगळा हॉल हसला. वहिनीही हसल्या, आणि घरी येऊन न जेवता झोपल्या.

आता वन्सं परवाच्या विमानाने लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. आज निरोपाला यायच्या होत्या. खोटारडी ठरून निरोप द्यायचा नाही, एवढं वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं.

तो खेळ उतरवून जपून ठेवलेल्या जुन्या फ्लॉप्यांवरचं सगळं एका दुकानदाराने पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं होतं. वहिनींना वाटलं होतं, झालं काम. कसलं काय! हत्ती गेला नाही, अन् शेपूट कुठे अडकलंय तेही कळेना. उजवं बटण दाबून 'जुन्या पद्धतीने चालवा' केलं. पडदा काळा झाला आणि मिटला. 'मालकाच्या अधिकाराने चालवा' केलं; कॉम्प्युटरने विचारलं, तुमची खात्री आहे का? "आहे रे बाबा, म्हणून तर दाबलं!" पडदा काळा झाला आणि मिटला.

इंटरनेटवर शोधलं तर नेमकी हीच अडचण एकाने सात वर्षांपूर्वी लिहिली होती. वहिनींचे डोळे चमकले. खाली त्याचंच उत्तर होतं: 'सुटलं. धन्यवाद.' कसं सुटलं ते नाही!

"मेल्या, सुटलं तर सांगून जा ना!"

"कोण सुटलं?" यजमान.

"झोपा तुम्ही."

दुसऱ्या एका भल्या माणसाने मात्र सविस्तर लिहिलं होतं. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम फुकट मिळतो, त्याच्या पोटात खेळ चालवायचा. वहिनींनी तो घेतला, आज्ञा टाइप केली. फोल्डर सापडत नाही, म्हणे. डोळ्यांसमोर फोल्डर, आणि सापडत नाही! पंधरा मिनिटं गेल्यावर उलगडा झाला. मुलाने कॉम्प्युटर आईसाठी कौतुकाने मराठीत करून दिला होता, आणि वहिनींनीही हौसेने फोल्डरला 'आमचा लाडका जुना खेळ' असं नाव दिलं होतं. त्या जुन्या यंत्राला मराठी येत नव्हतं, आणि आठ अक्षरांपुढचं नाव झेपत नव्हतं. वहिनींनी इंग्रजी अक्षरांत नुसतं 'खेळ' लिहिलं, आणि लागला की तो!

लागला, पण रखवालदार पिसाळल्यासारखा पळत होता. बोट लावायच्या आत उंदराने खाल्ला. नव्या मशीनची चाल त्याला सोसत नव्हती. सोंगाड्या प्रोग्रामात वेग कमी-जास्त करायची सोय होती. वहिनींनी कमी केला, अजून कमी केला, तेव्हा कुठे तो माणसासारखा चालू लागला. तेवढ्यात बेल वाजली.

वन्सं आल्या, चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "दादा, वहिनी काय करतेय?"

"नवव्या मजल्यावर चाललीय."

"अगं बाई!" वन्सं खुर्ची ओढून बसल्या. "वहिनी, तू अजून सोडलं नाहीस?"

"तुम्ही सोडलंत का?"

वन्संनी पडद्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "एवढा हळू? गोगलगाय आहे का ही! आपला असा नव्हता. वाढव."

वहिनींनी वेग वाढवला. "अजून," वन्सं म्हणाल्या. "अजून थोडा. हां, हाच!"

वहिनींच्या बोटांना संधिवात होता, पण टायपिस्टची बोटं ती, रस्ता विसरली नव्हती. प्रत्येक मजल्यावर खेळ तिथवरचा जपून ठेवत त्या पाऊण तासात आठव्यावर पोचल्या. जिना चढला आणि रखवालदार घसरला तो थेट पहिल्यावर.

"बघ!" वन्संनी टाळी वाजवली. "मी काय म्हणत होते?"

पुन्हा आठवा. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदाही तेच. वहिनींचे कान तापले. सकाळपासून कमरेचा काटा ढिला केला तो काय पुन्हा हसं करून घ्यायला?

"राहू दे गं," वन्सं जरा मऊ झाल्या. "मी तर टर्बोचं बटण दाबून खेळायचे, तरी नाही दिसला कधी."

"कसलं बटण?"

"तेच की, कॉम्प्युटरच्या डब्यावर होतं ते. दाबलं की मशीन पळायचं. तू हळूबाई, म्हणून मी बसल्या बसल्या आधी ते दाबायचे."

वहिनींना ती दुपार आठवली. त्या दुपारी त्यांनी डब्यावर ओलं फडकं मारलं होतं, आणि मग एकट्याच खेळायला बसल्या होत्या. फडक्याच्या धक्क्याने दाबलेलं बटण वर उठलं असणार, आणि मशीन हळू झालं असणार. त्यांनी वेग पुन्हा गोगलगाईवर आणला आणि आठवा मजला उघडला.

रखवालदार सावकाश जिना चढला. भिंतीत एक दार उघडलं. जोरात चालवलं की डोळ्यांना दिसायच्या आत मिटणारं दार, आता चांगलं दोन श्वास उघडं राहिलं. वहिनींनी त्याला आत घातलं. त्याने तेल ओतलं, आणि सबंध पडदा पिवळा झाला.

यजमानही उठून चष्मा लावून आले होते.

"तीस वर्षं," वन्सं म्हणाल्या. "आणि माईकवरून, गं."

"हो."

"तू मला थोबाडीत का नाही मारलीस?"

"मारणार होते. तुमची उंची आड आली."

वन्संना हसू आलं नाही. "आता कुणाकुणाला सांगू मी? निम्मे तर गेले."

"जे आहेत त्यांना सांगा."

वन्संनी पर्समधून फोन काढला, चष्म्यावरून नंबर शोधला आणि कानाला लावला. "जावईबापू, मीच बोलतेय... नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. विमानाचं नंतर बोलू. आधी हे ऐकून घ्या."