पडदा हलतोय का

झोपलेलं मूल आणि अडकलेलं चित्र सारखंच दिसतं. हे मला ऑफिसात कळलं. घरच्या कॅमेऱ्यातून फोनवर माझी ठकी पाळण्यात गाढ झोपलेली, आणि मी किती तरी वेळ निवांत बघत होते. मग मागच्या खिडकीचा पडदा जराही हलत नाहीये, हे ध्यानात आलं. घरचं नेट केव्हाच गेलं होतं.

ठकीला आकड्या येतात. रडणं नाही, ओरडणं नाही, नुसते डोळे फिरतात. माझी रजा संपलेली. दुपारी घरी सासूबाई एकट्या, आणि त्यांच्या गोळ्यांनी त्यांचा डोळा लागतो.

त्या संध्याकाळी मी राउटरची सेटिंग्ज उघडून बसले. नेट मंदावलं, अडखळलं किंवा गेलं, की माझ्या फोनवर सूचना. किती मंदावलं की ओरडायचं, तो आकडा आपणच घालायचा. मी अगदी कमी घातला.

दुसऱ्या दिवशी फोन थांबेचना. धावतपळत घरी गेले, तर ठकी खिदळतेय.

"आकडी त्या डब्यालाच येते वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाच ने डॉक्टरकडे."

नवरा म्हणाला, "अगं, लांडगा आला रे आला करतोय तो. खरा येईल तेव्हा तूच बघणार नाहीस."

पटलं. आकडा वाढवला. मग फोन शहाण्यासारखा वागू लागला, खरंच अडखळलं तरच वाजायचा. मी पडदा बघायचं सोडलं.

आज दुपारभर एकही सूचना नाही. ठकी कुशीवर झोपलेली. शेजारच्या टेबलावरचीला म्हणालेसुद्धा, "आज झोपलीय बघ लबाड!"

घरी आले तर सासूबाई जमिनीवर, मांडीत ठकी. ओठ निळे, मान लुळी.

"कधीपासून, आई?"

"मला काय ठाऊक गं! जाग आली तर ही अशी. तुझं ते चित्राचं बटण दाबलं, दाबतच राहिले. नुसतं गोल गोल फिरत होतं."

त्यांच्या फोनवरचं व्हिडिओ कॉलचं; त्यांना तेवढंच बटण येतं. राउटरवर लाल दिवा होता. नेट गेलं तर सांगणार होता तो, पण सांगणार होता त्याच नेटवरून. बुडणाऱ्यानेच काठावर येऊन वर्दी द्यायची, तसलं.

आता दवाखान्यात ठकी श्वास घेतेय, पण हाक मारली तर बघत नाही. "आकडी किती वेळ होती, त्यावर सगळं आहे," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात फोन थरथरला. एकामागून एक सूचना. नेट परत आलं होतं. ते कधी गेलं, मिनिटासकट लिहिलेलं. आकडी कधी आली, ते कुठेच नाही.

"कुणाचा गं?" सासूबाईंनी विचारलं.

"घरचाच."

सवयीने कॅमेरा उघडला. पाळणा रिकामा. मागे पडदा हलत होता.