माहीत असले की गाडी थांबते

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. म्हणजे असे इंजिन, की ज्यात बसून आजवर कोणी कुठेही गेलेले नाही. मला चाके नाहीत, माझ्याखाली रूळ नाहीत. मोडीत निघालेल्या एका गाडीची केबिन कापून आणली, तिला खालून हलवणारे दांडे जोडले, काचेच्या जागी मोठे पडदे लावले आणि ड्रायव्हर घडवणाऱ्या शाळेच्या तळमजल्यावर मला कायमचे बसवले. शिकाऊ पोरे मला ‘खोटी गाडी’ म्हणत. नावे ठेवत, पण माझ्यात चढताना बूट पुसून चढत.

मला सांभाळायचे ते मास्तर. ते माझ्यामागच्या टेबलाशी बसत आणि बटणे दाबून कधी पाऊस पाडत, कधी सिग्नल विझवत, कधी रुळावर म्हैस आणून उभी करत. एकदा एक शिकाऊ गाडी चालवण्यात इतका रमला, की शेवटचे स्टेशन आल्यावर ऐटीत दार उघडून फलाटावर उतरायला गेला आणि फरशीवर आपटला. सगळी खोली पोट धरून हसली. मास्तरही हसले, आणि मग म्हणाले, “काय चुकायचं ते इथे चुकून घ्या. बाहेर चुकायला जागा नसते.”

त्याच पोरांत धाकटा होता. त्याचे वडील नावाजलेले ड्रायव्हर. त्यांना सगळे थोरले म्हणत, म्हणून हा धाकटा. थोरल्यांची उभी नोकरी एकही डाग न लागता पार पडली होती आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. धाकटा अबोल, पण हाताचा फार हलका. त्याने ब्रेक लावला तर माझे दांडे कुरकुरतही नसत. तो पास झाला त्या दिवशी थोरले मुद्दाम आले आणि माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, “हात माझा आहे. तुमच्या यंत्राने नुसता शिक्का मारला.” मला राग आला नाही. बापाचा आनंद होता तो.

पुढे काळ बदलला. खऱ्या इंजिनांत एक पेटी बसू लागली. वेग किती होता, ब्रेक कधी लागला, भोंगा कधी वाजला, समोर काय दिसले, सगळे ती टिपून ठेवी. ती माहिती माझ्यात भरायची, असे ठरले. तोवर माझ्यातले धुके कोणीतरी कल्पनेने रचलेले होते. आता खरोखर पडलेले धुके माझ्यात आले. बाहेर काही विपरीत घडले, की तो प्रवास जसाच्या तसा माझ्या पडद्यावर उतरे आणि शिकणाऱ्यांना तो चालवून बघता येई. मोठे साहेब आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, “आता झालेली चूक पुन्हा होणार नाही.” मित्रांनो, मी अभिमानाने फुलून गेलो होतो.

आणि मग एका हिवाळ्यात धाकट्याचाच प्रवास माझ्यात आला.

सकाळची गाडी होती, माणसांनी भरलेली. धुके असे, की हाताला हात दिसू नये. वळणापुढच्या फाटकापाशी एक भंगारवाला आपली हातगाडी रुळांवरून ओढत होता आणि तिचे चाक खाचेत अडकले. हातगाडी टाकून पळाला असता तर वाचला असता. त्याने टाकली नाही. सारे पोट त्या गाडीवर असेल, कशी टाकेल. धाकट्याने भोंगा वाजवला, दिसताक्षणी ब्रेक लावला. गाडी थांबली, पण त्याला ओलांडून थांबली.

चौकशी झाली. ड्रायव्हरचा दोष नाही, असा निकाल लागला.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत धाकटा एकटाच आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

“मास्तर, तो प्रवास लावा.”

“कशाला उकरून काढतोस? निकाल लागलाय ना.”

“एकदाच. मला बघायचंय.”

मास्तरांचा जीव त्याच्यावर. त्यांनी लावला. धुके आले, वळण आले. धाकट्याने वळणाच्या आधीच ब्रेक धरला आणि गाडी फाटकाच्या पुष्कळ अलीकडे अलगद उभी राहिली. पडद्यावरचा तो माणूस खाली वाकून चाक ओढत होता. धाकटा त्याच्याकडे बघत बसला.

“थांबते, मास्तर,” तो म्हणाला.

“अरे, तुला माहीत होतं म्हणून थांबली.”

“पण थांबते ना.”

दुसऱ्या दिवशी तो परत आला. नंतर रोजच येऊ लागला. दर वेळी गाडी थांबे. दर वेळी तो माणूस वाचे. आणि दर वेळी धाकटा आणखी खचून खाली उतरे. मला वाटे, एकदा तरी माझा पडदा विझावा, वायर तुटावी. पण मी चांगला बनवलेला होतो. मी बिघडलो नाही. शेवटी मास्तरांनी खोलीला कुलूप लावले. धाकट्याने नोकरीचा राजीनामा दिला.

बऱ्याच दिवसांनी धाकट्याची बायको आली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिच्यामागून काठी टेकत थोरले आले. ते नाइलाजाने आल्याचे दिसतच होते.

“भाऊ,” ती मास्तरांना म्हणाली, “घरात बापलेक दोघं आहेत आणि एक शब्द नाही. हे फाटकावरून आले त्या दिवशी मी पाणी आणायला आत गेले होते, तिथून ऐकलं. बाबा यांना म्हणाले, माझ्या हातून थांबली असती. तेव्हापासून हे असे झालेत.”

“मग खोटं बोललो का?” थोरले म्हणाले. “थांबलीच असती. लावा तो प्रवास, दाखवतो.”

मास्तरांनी सुनेकडे बघितले. तिने मान डोलावली, तेव्हा त्यांनी मला सुरू केले.

थोरले माझ्या आसनावर बसले. म्हातारा हात, पण ब्रेकच्या दांड्यावर पडताच तरणा झाला. वळण आले, त्यांनी वेळेवर ब्रेक धरला, गाडी थांबली.

“बघा,” ते म्हणाले. त्या शब्दात आनंद मात्र नव्हता.

सून पुढे झाली. “बाबा, आमच्याकडे लोक चष्मा लागू नये म्हणून तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. पाठ असलं की सगळ्यांचीच नजर चांगली असते. मग मी तक्ता बदलते.” आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, “भाऊ, हातगाडी दुसरीकडे ठेवा. कुठे ते बाबांना सांगू नका. मलाही नको.”

थोरल्यांनी काठी बाजूला ठेवली. “ठेवा,” म्हणाले.

पुन्हा धुके आले. थोरले डोळे ताणून पुढे वाकले होते. एक फाटक गेले, काही नव्हते. पूल गेला, काही नव्हते. स्टेशन आले, गेले. भोंगा वाजवून वाजवून त्यांचा अंगठा दुखला असावा, त्यांनी क्षणभर हात झटकला. मग सरळ मार्ग लागला आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले. तिथेच धुक्यातून हातगाडी निघाली.

त्यांनी ब्रेक लावला. सगळा जीव एकवटून लावला. माझे दांडे कळवळले. गाडी थांबली तेव्हा समोर नुसते धुके होते.

थोरल्यांनी ब्रेकचा दांडा सोडलाच नाही. सुनेने त्यांची बोटे एकेक करून सोडवली.

“मी लावला होता ना, मास्तर?” त्यांनी विचारले.

“लावला होता, थोरले.”

“मग?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “तुमच्या पोरानेही लावला होता. तुमच्याहून लवकर लावला होता.”

थोरले माझ्या आसनावर तसेच बसून राहिले. मग पाठ वाकवून रडले. मी आजवर पुष्कळ माणसे वाहिली, मित्रांनो, पण एवढे ओझे माझ्यावर कधी पडले नव्हते.

त्यांनी घरी जाऊन पोराला सगळे सांगितले. पुढे सून एकदा एकटीच आली तेव्हा मास्तरांना म्हणाली, “हे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, बाबा, हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं. आणि उठून त्यांना प्यायला पाणी दिलं. रागावले असते तरी बरं वाटलं असतं मला.”

थोरल्यांनी एकदा धाकट्याला इथे आणलेही. माझ्या पायरीवर त्याने पाय ठेवला. ब्रेकच्या दांड्याकडे बघितले. त्याने पाय मागे घेतला आणि बापाला म्हणाला, “चला, उशीर होतोय.” कशाला उशीर होत होता, हे कोणी विचारले नाही. पुन्हा तो कधी आला नाही. बायकोच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतो, असे ऐकले.

थोरले मात्र येत राहिले. नव्या पोरांसमोर उभे राहून सांगत, “माझ्या उभ्या नोकरीत माझ्या गाडीपुढे कोणी आलं नाही. एवढंच झालं. त्याला मी माझा हात समजत होतो.” मग एका वर्षी तेही यायचे थांबले. मास्तर निवृत्त झाले. डोळ्यांवर चढवायची नवी यंत्रे आली, आणि मला कोठारात मोडक्या खुर्च्यांशेजारी लोटले. माझ्या आसनात उंदरांनी घर केले आहे. त्याचे मला फारसे वाटत नाही.

मित्रांनो, जमलेच तर जुन्या यंत्रांवर कधी एखादे फडके फिरवा. पण आधी माणसांना जपा. माझ्यासारखी यंत्रे घडून गेलेले दाखवतात. ते दिसू लागले की प्रत्येकाला वाटते, मी असतो तर. घरी कोणी उतरल्या चेहऱ्याने परत आले, तर हे शब्द ओठांवर आले तरी गिळून टाका. त्याला जवळ बसवा. धुक्यात तो होता. आपण नव्हतो.